‘ओहाला’, ‘फुलानो’ आणि तीन वर्षांची मुदत

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मुलीने मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतले. बारावी संपली होती, निकाल लागायचा होता, हातात वेळ होता. संध्याकाळी मी पोळ्या लाटायला घेतल्या की ती ओट्याजवळ स्टूल ओढून बसायची आणि मोठ्याने शब्द घोकायची. पहिले दोन दिवस ‘ब्वेनोस दियास’, ‘ग्रासियास’, ‘क्वांतो क्वेस्ता’ म्हणजे सुप्रभात, आभार, केवढ्याला, असे चालले होते. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले शब्द आले.

“अम्मी, साखरेला आसूकार म्हणतात. तांदळाला आर्रोस. ऑलिव्हला आसेइतुना.”

माझे लाटणे थांबले. उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता थोडीफार अरबी कानावरून गेलेली असते. अस्-सुक्कर. अर्-रुझ्झ. अझ्-झैतूना. मी तिला म्हटले, “बेटा, पुढचे शब्द वाच बघू.” ती वाचत गेली. निम्म्या शब्दांना ती ‘नवीन’ म्हणत होती आणि मला ते लांबच्या नात्यातल्या माणसांसारखे वाटत होते. चेहरा ओळखीचा, नाव बदललेले.

त्या संध्याकाळपासून मीही तिच्याबरोबर शिकू लागले. शिकता शिकता इतिहासात शिरले आणि तिथे जे सापडले ते मनातून जाईना. म्हणून हा लेख.

आधी शब्दांचेच बघू. इ.स. ७११ मध्ये तारिक बिन झियाद सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरला. १४९२ च्या जानेवारीत ग्रॅनडा पडले. मधली सुमारे आठशे वर्षे त्या भूमीच्या कुठल्या ना कुठल्या भागात मुस्लिम राज्य होते आणि अरबी ही दरबाराची, बाजाराची, शेतीची भाषा होती. स्पॅनिशमधल्या अरबी मुळाच्या शब्दांचा आकडा अभ्यासक साधारण चार हजार सांगतात. त्यात गावांची नावे आणि साधित शब्दही मोजलेले आहेत. आकड्यापेक्षा हे शब्द कुठे बसले आहेत ते महत्त्वाचे. ते पोथीत बसलेले नाहीत. ते घरात आहेत, रानात आहेत, चावडीवर आहेत.

मराठी माणसाला तर ते शिकायला सोपे जावेत, कारण त्यांची सख्खी-चुलत भावंडे आपल्याकडे आहेत. स्पॅनिशमध्ये नगरप्रमुख म्हणजे ‘आल्काल्दे’; हा आपला काझी. कोर्टाचा शिपाई म्हणजे ‘आल्ग्वासिल’. हा आपला वजीर, बिचाऱ्याची पदावनती झाली. जकातनाक्याला ‘आदुआना’ म्हणतात. तो दिवाण, जो आपल्या दिवाणखान्यात आणि दिवाणी न्यायालयात आहे. गोदाम म्हणजे ‘आल्मासेन’; ज्या धातूतून तो शब्द आला त्याच धातूतून आपला खजिना. औषधी पाक म्हणजे ‘हाराबे’. त्याचे मूळ आणि आपल्या सरबताचे मूळ एकच. शवपेटीला ‘आताउद’ म्हणतात. हा मोहरमचा ताबूत. खिम्याच्या गोळ्याला ‘आल्बोंदिगा’ म्हणतात. अरबीत बुंदुक म्हणजे एक कवचाचे फळ, मग त्या आकाराची गोळी. त्या गोळीवरून आपल्याकडे बंदूक झाली, स्पेनमध्ये कोफ्ता झाला. माझ्या मुलीला हा शब्द एकदाच सांगावा लागला.

बुद्धिबळाचा पट मांडला तर ‘आहेद्रेस’ म्हणजे शतरंज, म्हणजे मुळात आपले चतुरंग. राजाला कोंडले की स्पॅनिश माणूस ‘हाके माते’ म्हणतो. आपण रोज कुणाला तरी शह देतो, कुणावर तरी मात करतो, ते हेच दोन शब्द. आणि ज्याचे नाव घ्यायचे नाही, ज्याला आपण मराठीत ‘फलाणा’ म्हणतो, तो तिथे ‘फुलानो’. अरबस्तानातून निघालेला एक निनावी माणूस एका बाजूला सेव्हिलला पोचला आणि दुसऱ्या बाजूला सोलापूरला.

हे शब्द आपल्याकडे स्पेनमधून आले नाहीत, हे सांगायला हवे. आपल्याकडे ते फारसीतून, दख्खनच्या दरबारांतून आणि बंदरांच्या व्यापारातून आले. खोड एक, फांद्या दोन. काही शब्द तर आपल्याच अंगणातून निघाले. साखरेचे मूळ संस्कृत शर्करा. ती फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये आसूकार. ऊसही याच वाटेने भूमध्य समुद्रापर्यंत गेला. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा कॅनरी बेटांवरून त्याने उसाची बेणी नेली. नारिंगही असेच प्रवास करत ‘नारान्हा’ झाले.

वाक्प्रचारांतही हीच गोष्ट. निरोप घेताना ‘आस्ता मान्याना’ म्हणतात, म्हणजे उद्यापर्यंत. त्यातला ‘आस्ता’ म्हणजे अरबी ‘हत्ता’, पर्यंत. दुसऱ्या भाषेतून नाम उसने घेणे सोपे असते. ‘पर्यंत’सारखा शब्द उसना घ्यायला भाषा एकाच अंगणात नांदाव्या लागतात. आणि सगळ्यांत गोड शब्द ‘ओहाला’. परीक्षेचा निकाल चांगला लागो, पाऊस पडो, तो परत येवो, असल्या प्रत्येक इच्छेआधी स्पॅनिश माणूस ‘ओहाला’ म्हणतो. चर्चमध्ये जाणारा म्हणतो, देव न मानणाराही म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅपवर हा शब्द ‘इन्शाअल्लाह’ आहे असे फिरत असते. ते नेमके नाही. स्पॅनिश अकादमीच्या कोशात त्याचे मूळ अंदलुसी अरबीतल्या ‘लव शा अल्लाह’ असे दिले आहे, म्हणजे ‘अल्लाहची इच्छा असती तर’. फरक बारीक आहे, पण आहे. ‘इन्शाअल्लाह’मध्ये भरवसा आहे, ‘ओहाला’मध्ये हुरहुर आहे.

आपल्या लोकांना अशा शब्दांचा अभिमान चटकन चढतो, म्हणून एक इशारा. ‘ओले’ हा शब्द ‘अल्लाह’वरून आला असे ठासून सांगितले जाते, त्याला पक्का आधार नाही. ‘आल’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द अरबीही नसतो. ‘आल्मा’ म्हणजे आत्मा, हा लॅटिन. दुपारचे जेवण ‘आल्म्वेर्सो’, तोही मुळात लॅटिन. यात भलेभले फसले आहेत. सेर्वान्तेसच्या ‘दोन किहोते’च्या १६१५ च्या दुसऱ्या भागात नायक सांचोला समजावतो की ‘आल’ने सुरू होणारे शब्द मूर लोकांचे. त्याने दिलेल्या यादीत गोदाम आहे, कोर्टाचा शिपाई आहे, गल्ला आहे, आणि जेवण्याचे क्रियापदही आहे, जे अरबी नाही. वर्गात असा विद्यार्थी असता तर मी त्याला सातपैकी सहा गुण दिले असते.

इथवरचा इतिहास वाचायला छान वाटतो. पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. शब्द राहिले, ते शब्द बोलणारी माणसे कुठे गेली?

ग्रॅनडाच्या शरणागतीच्या तहात मुसलमानांना त्यांचा धर्म, कायदा आणि चालीरीती राखण्याचे वचन दिले होते. तिथला पहिला आर्चबिशप एर्नान्दो दे तालावेरा हा सौम्य प्रकृतीचा माणूस. धर्मांतर व्हावे अशी त्याचीही इच्छा होती, पण समजावून. आपल्या पाद्र्यांनी अरबी शिकावी असा त्याचा आग्रह होता आणि म्हातारपणी त्याने स्वतःही प्रयत्न केला. त्या प्रयत्नातूनच पेद्रो दे आल्काला या धर्मबंधूची दोन पुस्तके तयार झाली: एक अरबीचे सोपे व्याकरण, दुसरा लॅटिन लिपीत छापलेला स्पॅनिश-अरबी शब्दसंग्रह. १५०५ मध्ये ती ग्रॅनडात छापली गेली. रोजच्या कामाला लागणारे शब्द आणि वाक्ये शिकवणारी पुस्तके! फक्त शिकणारा ख्रिस्ती पाद्री होता आणि भाषा अरबी होती.

पण पुस्तके छापून येईपर्यंत काळ फिरला होता. १४९९ मध्ये टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस ग्रॅनडात आला. घाऊक बाप्तिस्मे सुरू झाले, आल्बायसिन मोहल्ल्यात बंड झाले, आणि तह मोडला असे ठरवून मुसलमानांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय ठेवले गेले. अरबी पुस्तकांची चौकात होळी झाली. वैद्यकाची पुस्तके तेवढी वगळली, कारण ती उपयोगाची होती. धर्मांतरित मुसलमानांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. चर्चच्या वहीत ते ख्रिस्ती होते, पण घरात, शेतात, पाटावर अरबीच बोलत होते. १५२६ मध्ये त्यांच्या भाषेवर आणि पोशाखावर बंदी आली, तेव्हा त्यांनी बादशहाला मोठी रक्कम भरून ती थांबवून घेतली. चाळीस वर्षे तशी निघाली.

मग १ जानेवारी १५६७ ला राजा दुसऱ्या फिलिपचा हुकूम ग्रॅनडात पुकारला गेला. मोरिस्कोंनी तीन वर्षांत स्पॅनिश शिकावी. त्यानंतर अरबी बोलणे, वाचणे, लिहिणे हा गुन्हा. बाहेरही आणि घरातही. अरबी पुस्तके आणून दाखवावीत. अरबी नावे, पोशाख, हमाम बंद. स्त्रियांनी चेहरा झाकू नये. शुक्रवारी घराची दारे उघडी ठेवावीत.

‘तीन वर्षांत स्पॅनिश शिका.’ मी हे वाचले तेव्हा मुलगी शेजारी बसून मोबाइलवर खेळीमेळीने स्पॅनिश शिकत होती. चुकले तर पुन्हा प्रयत्न कर, असे मोबाइल तिला सांगत होता.

बी. एड. ला आम्हाला शिकवले होते की मूल भाषा शिकते ते भीती नसेल तेव्हा. वीस वर्षे वर्गात उभे राहून मी ते खरे होताना पाहिले आहे. घरात उर्दू बोलणारे मूल मराठीच्या तासाला तोंड उघडायला आधी घाबरते. त्याच्या चुकीवर कुणी हसले नाही, तर वर्षभरात ते धडाधड बोलू लागते. हसले, तर दहावीपर्यंत गप्प राहते.

त्या हुकमाविरुद्ध एका म्हाताऱ्या मोरिस्कोने अर्ज केला. त्याचे नाव फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय. लहानपणी तो तालावेराच्या पदरी सेवक होता, म्हणजे तो चांगला काळ त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने न्यायपीठाच्या अध्यक्षापुढे मांडलेला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. भाषा आणि धर्म यांची गाठ नाही, असे त्याचे म्हणणे. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, माल्टाचे ख्रिस्ती अरबी बोलतात, म्हणून ते काही कमी ख्रिस्ती ठरत नाहीत. आणि ज्यांचे केस पिकले, ज्यांनी खेड्यात दुसरी भाषा ऐकलीच नाही, त्यांनी ती तीन वर्षांत कशी शिकावी? कितीही वर्षे दिली तरी ते शिकण्याआधी मरून जातील.

अर्ज फेटाळला गेला. १५६८ च्या अखेरीस आल्पुहारासच्या डोंगरात बंड पेटले आणि १५७१ पर्यंत चिरडले गेले. ग्रॅनडाचे सुमारे ऐंशी हजार मोरिस्को कास्तीलमध्ये पांगवले गेले. शेवटी १६०९ ते १६१४ या काळात राजा तिसऱ्या फिलिपने मोरिस्कोंना देशाबाहेर काढले. साधारण तीन लाख माणसे जहाजांत भरून उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडली गेली.

खरा चटका पुढे आहे. या तीन लाखांतल्या पुष्कळांना तोवर अरबी येतच नव्हती. आरागोन आणि कास्तीलच्या मुसलमानांची भाषा केव्हाच स्पॅनिश झाली होती. सेगोव्हियाचा मुफ्ती ईसा याने १४६२ मध्येच इस्लामच्या आचारधर्माची पुस्तिका स्पॅनिशमध्ये लिहिली, कारण वाचकांना अरबी कळत नव्हती. पुढे मोरिस्को छुपेपणाने जे लिहीत, ते अरबी लिपीत पण स्पॅनिश भाषेत. सुरुवात ‘बिस्मिल्लाह’ने आणि पुढची सगळी वाक्ये अस्सल स्पॅनिश. १८८४ मध्ये आरागोनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएरा या गावी एक जुने घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा हस्तलिखितांचा साठा सापडला. काय आहे ते कळण्याआधी त्यातली काही जाळलीही गेली. उरलेली आज अभ्यासकांच्या हाती आहेत.

म्हणजे ज्यांनी भाषा शिकली, त्यांनाही राहू दिले नाही. देशाबाहेर गेल्यावर ट्यूनिसमधले निर्वासित स्पॅनिशमध्येच लिहीत राहिले. एकाने तिथे बसून लिहिलेल्या पुस्तकात लोपे दे व्हेगा या स्पॅनिश कवीच्या ओळी दिल्या आहेत. तिथले लोक त्यांना परकेच समजत. स्पेनने मूर म्हणून हाकलले, आफ्रिकेने स्पॅनिश म्हणून ओळखले.

मागे उरलेल्या स्पॅनिशने त्यांच्या भाषेचे काय केले? ‘अल्-अरबिय्या’ म्हणजे अरबी भाषा. त्याचे स्पॅनिशमध्ये ‘आल्गाराबिया’ झाले. आज कोशात त्याचा अर्थ सापडतो: गोंगाट, कुणालाही न कळणारी बडबड. एका संस्कृतीची भाषा शेजाऱ्याच्या कानात कलकलाट होऊन उरली. आणि तो कलकलाट म्हणणारा माणूस ते ज्या शब्दाने म्हणतो, तो शब्दही अरबीच.

या ठिकाणी थांबून मला माझ्याकडे पाहावे लागते. एका शिक्षकांच्या बैठकीत मी मराठीत भाषण केले. नंतर एक सहकारी कौतुकाने म्हणाले, “मॅडम, किती शुद्ध मराठी! वाटतच नाही हो तुम्ही...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही, माणूस चांगला होता. दुसऱ्या बाजूला नात्यातली एक बुजुर्ग खाला मला दर ईदला विचारते, “मराठीत का लिहितेस? आपल्या जबानमध्ये लिही ना.” मी दोघांनाही हसून उत्तर देते. पण सेगोव्हियाच्या मुफ्तीने लेखणी उचलली तेव्हा त्याला कुणीकुणी काय विचारले असेल, हे मला आता नीट कळते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. त्यांची भाषा उसनी नव्हती, माझीही नाही.

तुलना मात्र जपून करावी. कुणी म्हणेल, आपल्याकडेही छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ झाला, त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दिले, आणि नव्या स्वतंत्र राज्याने आपल्या कारभाराची भाषा ठरवणे स्वाभाविक आहे. पण तो कागदावरच्या शब्दांचा प्रश्न होता. घरात कोणत्या भाषेत बोलता म्हणून कुणाचे दार उघडे ठेवायला लावले नव्हते. ग्रॅनडाच्या हुकमाशी जवळचे नाते सांगायचे तर ते गोव्यात सापडते. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तिथल्या लोकांना आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला तीन वर्षांची मुदत दिली. पुन्हा तीनच वर्षे! कोकणी आज गोव्याची राजभाषा आहे. मुदत देणारे गेले.

सेर्वान्तेसची अजून एक गोष्ट सांगते. ‘दोन किहोते’च्या पहिल्या भागात तो गमतीने लिहितो की ही कथा मूळ अरबीत, सिदे आमेते बेनेन्हेली नावाच्या इतिहासकाराने लिहिली; टोलेडोच्या बाजारात ती वही सापडली आणि एका मोरिस्कोने मनुका आणि गव्हाच्या मोबदल्यात तिचे स्पॅनिश भाषांतर केले. देशातून मोरिस्को काढल्यानंतर आलेल्या दुसऱ्या भागात सांचोला त्याचा जुना शेजारी रिकोते वेष पालटून भेटतो. हाकलून दिलेला मोरिस्को चोरून परत आलेला असतो. दोघे रस्त्याच्या कडेला बसून खातात, पितात आणि सांचो त्याला पकडून देत नाही. स्पॅनिश भाषेतल्या सर्वांत मोठ्या पुस्तकात हा शेजारी आहे. राजाने काढला, लेखकाने ठेवला.

शब्दांचेही तसेच झाले. व्हॅलेन्सियात शेतीच्या पाण्याचे तंटे मिटवणारे पंच आजही गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी बसतात. ज्या पाटांचे पाणी ते वाटतात त्यांना ‘आसेकिया’ म्हणतात. हे अरबी ‘साकिया’. आमच्या उर्दू गझलेतला साकी याच कुळातला, पाणी पाजणारा. १९३३ मध्ये इक्बाल कुर्तुब्याच्या मशिदीत गेले आणि त्यांनी त्या वास्तूवर मोठी कविता लिहिली. ती मी वर्गात शिकवली आहे. पण आता वाटते, अंदलुसची आठवण फक्त कमानींत शोधू नये. ती पाटाच्या पाण्यात आहे, उशीच्या नावात आहे, ‘उद्यापर्यंत’ म्हणण्यात आहे. दगडाला तिकीट लागते, शब्दाला लागत नाही.

मुलीचा निकाल मेअखेरीस लागला. आदल्या रात्री माझी अम्मा तसबीह घेऊन बसली होती. नात तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “दादीअम्मा... चुकले, नानी, म्हण ‘ओहाला’.” अम्माने विचारले, “ये क्या होता?” मुलीने समजावले. अम्मा सोलापुरी दख्खनीत म्हणाली, “मंग ऐसा बोल ना, अल्ला करो म्हनून.”

अल्ला करो, देव करो, ओहाला. तिन्ही म्हणणाऱ्यांना कुणी मुदत घालून देऊ नये, एवढेच.